‘कृषक’ : मागणीची वाट पाहिलेले विमान

‘कृषक’ या हलक्या निरीक्षण विमानाचा पहिला नमुना बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातून नोव्हेंबर १९५९ मध्ये उडाला. दुसरा नमुना बरोबर वर्षाने, नोव्हेंबर १९६० मध्ये उडाला. लष्करी सेवेत हे विमान १९६५ मध्ये आले, एकूण ६८ विमाने बांधून झाल्यावर १९६९ मध्ये उत्पादन थांबले आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते सेवेतून निवृत्तही झाले. म्हणजे नमुना उडाल्यापासून सेवेत येईपर्यंत जवळपास सहा वर्षे गेली आणि प्रत्यक्ष सेवा जेमतेम दहा वर्षांची झाली. ही दहा वर्षे इतकी थोडकी का ठरली, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. विमानाची रचना कमी पडली, असे सोपे उत्तर अनेकदा दिले जाते. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते पुराव्यानिशी मांडावे यासाठी हा अभ्यास लिहिला आहे.

सोलापुरात यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना यंत्ररचना शिकवताना मी हे प्रकरण गेली काही वर्षे वापरतो. विमान बांधणारा एकही उद्योग आमच्या जिल्ह्यात नाही. तरीही या विमानाच्या कुळाचा उगम सोलापूरपर्यंत येतो, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले की वर्ग सावरून बसतो. बंगळूरचा तो कारखाना डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने उभारणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच गावात झाला. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ मध्ये सरकारने त्यांचे भाग विकत घेतले आणि कारखाना सरकारी झाला. वालचंद १९५३ मध्ये वारले, त्यामुळे ‘कृषक’ त्यांना पाहायला मिळाले नाही. मात्र याच कारखान्यात संपूर्णपणे भारतीय रचनेचे पहिले शिकाऊ विमान, एचटी-२, १९५१ मध्ये उडाले, ते त्यांच्या हयातीत.

एचटी-२ची रचना करणाऱ्या चमूचे प्रमुख डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर भागातले. जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली होती. हवेच्या प्रवाहात पृष्ठभागालगत जो मंद थर तयार होतो, त्याचे शास्त्र प्रांटल यांनीच उभे केले. त्या घराण्यात शिकलेला माणूस पुढे भारतात परतून फ्लाइंग क्लबांसाठी साधी, स्वस्त, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेली विमाने रचत होता, याचे मला नेहमीच फार मोल वाटत आले आहे. मोठ्या विद्येने लहान काम हलके मानले नाही. ‘पुष्पक’ आणि ‘कृषक’ ही त्याच हातांची अपत्ये होत.

वरून पाहण्याचे काम

विमानाकडे वळण्याआधी त्याचे काम नीट समजून घेतले पाहिजे, कारण निरीक्षण विमान हे शस्त्र नसून डोळा आहे. त्या काळात आपल्या तोफखान्यात मोठ्या प्रमाणावर असलेली पंचवीस पौंडी तोफ सुमारे १२ किलोमीटर पल्ल्यावर मारा करीत असे. एवढ्या अंतरावरचे लक्ष्य तोफेशी उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. म्हणून पुढे एक निरीक्षक बसतो, पहिला गोळा कुठे पडला ते पाहतो, आणि बिनतारी यंत्रावरून दुरुस्ती कळवतो. प्रदेश सपाट असेल, पीक उभे असेल, झाडी दाट असेल, तर हा निरीक्षकही आंधळा होतो. आमच्याकडची शाळू ज्वारी पौष महिन्यात माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली असते. त्या रानात दोनशे पावलांवर उभी असलेली बैलगाडी दिसत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मंगळवेढा तालुक्यातले एक निवृत्त तोफखाना हवालदार माझ्या विनंतीवरून वर्गात आले होते. वय झालेले, पण आवाज अजून कवायतीच्या मैदानावरचा. मुलांनी फळा पुसून खडू पुढे केला, तेव्हा त्यांनी तो बाजूला ठेवला आणि वसतिगृहातून एक सोलापुरी चादर मागवली. ती वर्गाच्या मध्यभागी फरशीवर पसरली. तिच्यावरचे विणलेले चौकोन म्हणजे नकाशाचे चौकोन, शंभर मीटरला एक, असे त्यांनी ठरवून दिले. एका चौकोनावर काळा मणी ठेवला, ते लक्ष्य. मग मुठीतले ज्वारीचे दाणे एकेक करून टाकत ते म्हणाले, “हा गोळा चारशे पुढं गेला. आता चारशे मागं घ्या म्हणू नका, आठशे घ्या. म्हणजे पुढचा अलीकडं पडेल आणि लक्ष्य दोन्हींच्या मधी घावेल. घावलं, की मग अर्ध्यानं, अर्ध्यानं जवळ यायचं.” पाचव्या दाण्याला मणी हलला. तोफखान्यात यालाच ब्रॅकेट करणे, म्हणजे लक्ष्य कंसात घेणे, म्हणतात, आणि कंस मिटला की मग सगळ्या तोफांचा मारा सुरू होतो.

त्यानंतर त्यांनी जे करायला लावले ते मी तेव्हापासून दर वर्षी करतो. एका मुलाला त्यांनी पालथे झोपवले, हनुवटी फरशीला टेकवायला सांगितली आणि दाणा कुठे पडला ते विचारले. डावीकडे की उजवीकडे, हे त्याने दर वेळी अचूक सांगितले. मण्याच्या पुढे की मागे, हे मात्र चारपैकी तीनदा चुकले. मग त्याला उठून उभे राहायला सांगितले. आता एकही उत्तर चुकेना.

हाच फरक आकड्यांत मांडता येतो. जमिनीवरच्या निरीक्षकाचा डोळा एखाद्या उंचवट्यामुळे ५ मीटर वर आहे आणि लक्ष्य २,००० मीटर दूर आहे असे धरले, तर लक्ष्यापलीकडे १०० मीटरवर पडलेला गोळा त्याला लक्ष्यापासून केवळ ०.०००१२ रेडियन इतका वेगळा दिसतो, आणि एवढा कोन दुर्बिणीतूनही जेमतेम जाणवतो. तोच डोळा १८० मीटर, म्हणजे साधारण ६०० फूट वर नेला आणि अंतर दुप्पट, ४,००० मीटर केले, तरी हाच कोन ०.००११ रेडियन होतो, म्हणजे नऊ पट. डोळा दुप्पट सुरक्षित अंतरावर गेला आणि तरी नऊ पट चांगले पाहू लागला. या विमानाला वेग नको होता, शस्त्र नको होते, फार उंचीही नको होती. त्याला कुठल्याही शेताच्या तुकड्यावरून उठता आले पाहिजे, दोनेकशे मीटर उंचीवर संथपणे घिरट्या घालता आल्या पाहिजेत, पंखाखालून जमीन मोकळी दिसली पाहिजे, आणि शत्रूचे लढाऊ विमान आले तर झाडांच्या उंचीला उतरून पळता आले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हे काम ऑस्टर विमानांकडे दिले आणि वैमानिक म्हणून तोफखान्याचेच अधिकारी घेतले, कारण उडायला शिकवणे सोपे आणि माऱ्याची नजर शिकवणे अवघड, असा अनुभव होता. ऑस्टर मुळात अमेरिकन टेलरक्राफ्ट या हौशी विमानाची ब्रिटिश आवृत्ती होती. फ्लाइंग क्लबचे विमान रणांगणावर नेण्याची वाट त्यामुळे आधीच पडलेली होती. स्वातंत्र्यानंतर भारताला ही व्यवस्था वारशाने मिळाली: वैमानिक तोफखान्याचे, विमान व त्याची देखभाल हवाई दलाकडे. लष्करात या तुकड्यांना ‘एअर ओपी’ (एअर ऑब्झर्वेशन पोस्ट, म्हणजे हवेतली निरीक्षण चौकी) असेच म्हणत. नाशिकजवळचे देवळाली हे तोफखान्याचे माहेरघर. १९५०च्या दशकात या तुकड्या ऑस्टर एओपी-६ आणि एओपी-९ या विमानांवर चालत होत्या.

‘पुष्पक’मधून ‘कृषक’

‘पुष्पक’ हे दोन आसनी शिकाऊ विमान सप्टेंबर १९५८ मध्ये उडाले. ९० अश्वशक्तीचे काँटिनेंटल इंजिन, वर बसवलेला पंख, त्याला खालून आधार देणारे स्ट्रट, आणि पूर्ण भारासह सुमारे ६१० किलो वजन. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांसाठी अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली आणि कित्येक वैमानिकांचा पहिला एकल उड्डाणाचा दिवस याच विमानात गेला. त्याचे यश पाहून तेच रूप मोठे करून चार आसनी विमान करावे, असा विचार कारखान्यात झाला. ‘कृषक’चे दोन नमुने हे त्या विचाराचे फळ होते. पहिल्या नमुन्यात १९० अश्वशक्तीचे इंजिन होते. ग्राहक म्हणून डोळ्यांसमोर होते ते फ्लाइंग क्लबच.

क्लबांकडून मागणी आली नाही. चार जणांना नेणारे, दुप्पट ताकदीचे आयात इंजिन असलेले विमान शिकवण्यासाठी कशाला हवे, हा त्यांचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर होता. काम थांबले आणि दोन्ही नमुने बाजूला राहिले.

इथे वर्गात मी थांबतो आणि मुलांना विचारतो की तुम्ही त्या रचना कार्यालयात असता तर काय केले असते. बहुतेक जण म्हणतात, विमान स्वस्त केले असते. काही म्हणतात, बंद केले असते. ग्राहक बदलून पाहावा, हे उत्तर क्वचित येते. प्रत्यक्षात घडले ते हेच, पण ते कारखान्याच्या पुढाकारापेक्षा ऑस्टर विमाने जुनी झाल्यामुळे घडले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस ऑस्टरच्या जागी नवे निरीक्षण विमान हवे अशी लष्करी मागणी पुढे आली, आणि तेव्हा तयार रचना म्हणून ‘कृषक’ पुन्हा टेबलावर आले.

लष्करी रूपात त्याला काँटिनेंटल ओ-४७०-जे हे २२५ अश्वशक्तीचे इंजिन बसले, दुहेरी नियंत्रणे आली, आणि चार प्रवाशांऐवजी वैमानिक, निरीक्षक व गरज पडल्यास मागे तिसरा माणूस अशी मांडणी झाली. पंखविस्तार ११.४३ मीटर, लांबी ८.४१ मीटर, पूर्ण भारासह वजन १,२७० किलो, कमाल वेग ताशी सुमारे २०९ किलोमीटर आणि पल्ला साधारण ८०० किलोमीटर, ही त्याची मोजमापे. नावात एचएओपी-२७ असा लष्करी क्रमांक आला, तरी ‘कृषक’ हे शेतकऱ्याचे नाव कायम राहिले. शेतावर औषध फवारणारे विमान याच कारखान्याने पुढे वेगळे रचले. त्याचे नाव ‘बसंत’, आणि ते १९७२ मध्ये उडाले. मधल्या काळात, ऑक्टोबर १९६४ मध्ये, कारखानाही हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला होता. नमुने जुन्या नावाच्या कारखान्यात आणि सेवेतली विमाने नव्या नावाच्या कारखान्यात, अशी ‘कृषक’ची विभागणी आहे.

सोलापूरचा मे महिना आणि ३५ अश्वशक्ती

१९०वरून २२५ हा बदल वरवर किरकोळ वाटतो. तो तसा नाही, आणि हे समजण्यासाठी सोलापूरइतकी चांगली प्रयोगशाळा नाही.

साधे पिस्टन इंजिन किती ताकद देईल हे त्याला मिळणाऱ्या हवेच्या घनतेवर ठरते. हवा विरळ झाली की ताकद घटते, पंखाची उचल घटते आणि पुढच्या पंख्याची (प्रोपेलरची) ओढही घटते, तिन्ही एकाच वेळी. आपले गाव समुद्रसपाटीपासून साधारण ४८० मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांवर गेला, की इथल्या हवेची घनता प्रमाणित समुद्रसपाटीच्या हवेच्या सुमारे ८६ टक्के उरते. प्रमाणित वातावरणात एवढी घनता सुमारे १,५०० मीटर उंचीवर असते. म्हणजे होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर मे महिन्यात दुपारी उभ्या असलेल्या विमानाला महाबळेश्वरच्या पठाराहून उंच ठिकाणी उभे असल्यासारखे वाटते. सूत्राने हिशेब केला तर २२५ अश्वशक्तीचे इंजिन त्या क्षणी साधारण १९० अश्वशक्तीच देते.

ज्या नमुन्याचे इंजिन समुद्रसपाटीवर १९० अश्वशक्ती देत असे, त्याच्याच ताकदीचे काम सोलापूरच्या मे महिन्यात करायचे, तर मुळात २२५ अश्वशक्ती हवी. राजस्थानच्या वाळवंटात आणि पंजाबच्या उन्हाळ्यात हे विमान वापरायचे होते. ‘पुष्पक’मध्ये प्रत्येक अश्वशक्तीवर साधारण ६.८ किलोचा भार येत असे, लष्करी ‘कृषक’वर तो ५.६ किलोपर्यंत उतरला. इंजिन बदलण्याचा निर्णय हा या रचनेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, असे माझे मत आहे. मुले हा हिशेब स्वतः करतात, तापमान प्रत्यक्ष त्या दिवसाचे घेतात, आणि छतावरचा पंखा आज असा का वाटतोय याचेही उत्तर त्यांना मिळाल्यासारखे होते. तेवढ्यापुरते मीही हसतो.

तुलनेसाठी एक शेजारी

याच इंजिन घराण्याचे दुसरे एक निरीक्षण विमान अमेरिकेत होते: सेस्ना एल-१९, ज्याला ‘बर्ड डॉग’ म्हणत. त्याचे इंजिन ओ-४७०चेच, २१३ अश्वशक्तीचे. तेही मुळात नागरी विमानातून, सेस्ना १७० मधून निघालेले. पाकिस्तानी सैन्याच्या निरीक्षण तुकड्याही हेच विमान वापरत होत्या, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना जवळपास एकाच हृदयाची विमाने घिरट्या घालीत होती.

फरक वेळापत्रकात आहे. एल-१९चा नमुना १४ डिसेंबर १९४९ रोजी उडाला आणि १९५० संपण्याआधी सैन्याला विमाने मिळू लागली. अमेरिकन सैन्याने आपली गरज आधी लिहून काढली होती आणि कंपन्यांना त्यावर स्पर्धा करायला सांगितले होते. अशी तीन हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. ‘कृषक’च्या बाबतीत मात्र विमान आधी आले आणि गरज नंतर लिहिली गेली. तांत्रिक अंतर या दोहोंत फारसे नव्हते. ‘कृषक’ मागे राहिले ते कागदावर, आणि तेही पाच वर्षांनी.

ही पाच वर्षे रिकामी नव्हती हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच काळात बंगळूरच्या रचना कार्यालयात कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ‘मारुत’ हे लढाऊ विमान आकार घेत होते, जे जून १९६१ मध्ये उडाले. घाटगे यांच्या नेतृत्वाखालचे ‘किरण’ हे जेट शिकाऊ विमान सप्टेंबर १९६४ मध्ये उडाले. नॅट या लढाऊ विमानांचे उत्पादनही चालू होते. जिथे एकाच वेळी इतके हात इतक्या कामांत गुंतलेले होते, तिथे ग्राहक नसलेले विमान कपाटात राहणे मला अस्वाभाविक वाटत नाही. पण ऑस्टर विमाने म्हातारी होत चालली आहेत हे हवाई दलाला व तोफखान्याला १९५९ मध्येही दिसत होते. वैमानिक एका दलाचे आणि विमान दुसऱ्या दलाचे असल्यामुळे मागणी लिहिणारा हात नेमका कोणाचा, हा प्रश्न अशा व्यवस्थेत सहजपणे लांबतो. विलंबाचे मूळ मी तिथे शोधतो.

५ डिसेंबर १९७१ची सकाळ

सेवेतली बहुतेक वर्षे सरावाची, सर्वेक्षणाची, निरोप्याची गेली. निरीक्षण विमानाची कीर्ती अशा कामांतून होत नाही आणि ती कामे मोजलीही जात नाहीत. एक सकाळ मात्र नोंदली गेली.

४ डिसेंबर १९७१च्या रात्री राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातल्या लोंगेवाला चौकीवर पाकिस्तानी रणगाड्यांचा मोठा तांडा चालून आला. चौकीवर मेजर कुलदीप सिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाब या पायदळ पलटणीची जेमतेम सव्वाशे माणसे होती. जैसलमेरला हंटर लढाऊ विमाने होती, पण रात्रीच्या अंधारात जमिनीवर मारा करण्याची साधने त्यांच्यात नव्हती. म्हणून रात्रभर चौकीला एकटीने झुंजावे लागले. उजाडताच हंटर आली आणि त्यांच्या जोडीला वाळूवर संथ फिरत होते ते मेजर आत्मा सिंग यांचे ‘कृषक’.

इथे प्रकरणात एक वळण आहे, जे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे. ‘कृषक’ रचले गेले तोफांना दिशा देण्यासाठी. त्या सकाळी ते दिशा देत होते जेट विमानांना. हंटरच्या वैमानिकाला ताशी आठशे किलोमीटरच्या वेगात वाळूवरचा रणगाडा शोधायला, ओळखायला आणि नेम धरायला काही सेकंदच मिळतात. आपली माणसे कुठे आणि शत्रू कुठे, हे चुकले तर परिणाम भयंकर. संथ विमानातल्या निरीक्षकाला मात्र रणगाड्यांच्या साखळ्यांनी वाळूवर उमटवलेल्या रेषा दिसतात, त्या रेषांच्या टोकाला कोण उभे आहे ते दिसते, आणि तो बिनतारी यंत्रावरून सांगू शकतो. मेजर आत्मा सिंग यांनी विमानविरोधी मारा चुकवत हे काम केले आणि हंटरना एकामागून एक लक्ष्ये दाखवली. त्यांना वीर चक्र मिळाले. चौकी टिकली.

चादरीवर पालथे झोपलेल्या मुलाची आणि उभ्या राहिलेल्या मुलाची आठवण इथे मी वर्गाला करून देतो. एका दिवसात ‘कृषक’चे काम बदलले होते, पण डोळ्याच्या उंचीचे गणित तेच होते. रचनेने मूळ हेतूपलीकडचे काम निभावून नेले.

संथपणाची किंमतही त्याच युद्धात मोजावी लागली. १४ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड आघाडीवर शत्रूच्या तोफांचा माग काढत असताना कॅप्टन प्रदीप कुमार गौर यांच्या निरीक्षण विमानावर सेबर जेट विमानांनी हल्ला केला. ते त्यात कामी आले आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. कापडाच्या आवरणाआड, शस्त्राशिवाय, जेटच्या चौथ्या हिश्श्याहून कमी वेगाने पुढे जाऊन घिरट्या घालणे म्हणजे काय, हे मुलांना समजावे म्हणून मी ताशी २०९ किलोमीटर हा आकडा फळ्यावर लिहून ठेवतो आणि त्या दिवशी पुसत नाही.

डोंगर

मग इतके उपयोगी विमान १९७०च्या दशकाच्या मध्यास का गेले? कारण काम सपाटीवरून डोंगरात सरकले होते.

१९६२च्या चीन युद्धानंतर लष्कराचे लक्ष हिमालयाकडे वळले. लडाखमधले चुशूल साधारण ४,३०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश घनतेची. जो हिशेब मुलांनी सोलापूरच्या मे महिन्यासाठी केला तोच चुशूलसाठी केला, तर ‘कृषक’च्या २२५ अश्वशक्तीपैकी १३५ ते १४० हातात उरतात. शिवाय तेवढीच उचल मिळवायला जमिनीवर सुमारे एकचतुर्थांश जास्त वेगाने धावावे लागते, आणि दरीत धावायला जागा नसते. कागदावर या विमानाची कमाल उंची ५,९०० मीटरच्या आसपास होती. परंतु कमाल उंची म्हणजे जिथे विमान जेमतेम तरंगते ती जागा. डोंगराच्या धारेवरून वळताना, खाली ओढणाऱ्या वाऱ्यात हवी असते ती शिल्लक ताकद, आणि ती उरत नव्हती.

या प्रश्नाचे उत्तर ज्या यंत्राने दिले त्याची जन्मकथा ‘कृषक’च्या अगदी उलट आहे. १९६८च्या सुमारास भारतीय सैन्यदलांनी उंचावर चालणाऱ्या हेलिकॉप्टरची गरज मांडली आणि ती डोळ्यांसमोर ठेवून फ्रान्समध्ये ‘लामा’ रचले गेले. मार्च १९६९ मध्ये ते उडाले. अलुएत-२ या आधीच्या फ्रेंच हेलिकॉप्टरचा सांगाडा आणि त्याच मालिकेतल्या अलुएत-३चे इंजिन अशी त्याची बांधणी. त्या आर्तूस्त टर्बाइनची क्षमता ८७० अश्वशक्तीची, पण वापरण्याची मर्यादा ५५० ठेवलेली. उरलेली ताकद जणू विरळ हवेसाठी पेटीत ठेवलेली. २१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक जाँ बुले यांनी ‘लामा’मधून १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला. परवान्याखाली बंगळुरात बांधलेल्या याच यंत्राला आपण ‘चीता’ म्हणतो. निरीक्षण तुकड्यांमध्ये ‘कृषक’ची जागा ‘चीता’ने घेतली. त्याला धावपट्टीही लागत नव्हती.

निष्कर्षाऐवजी एक गणित

‘चीता’च्या बाबतीत गरज लिहिल्यापासून यंत्र उडेपर्यंत साधारण वर्ष गेले. ‘कृषक’च्या बाबतीत यंत्र उडाल्यापासून गरज पूर्ण होईपर्यंत सहा वर्षे गेली. मी विद्यार्थ्यांना यावर एक लेखी प्रश्न देतो: लष्करी मागणी १९६०च्या अखेरीस, दुसरा नमुना उडाला त्याच महिन्यात निघाली असती, तर काय झाले असते?

माझे स्वतःचे उत्तर असे. इंजिन बदलून, मांडणी बदलून, चाचण्या करून दीड ते दोन वर्षांत विमाने तुकड्यांत गेली असती, म्हणजे १९६२ किंवा १९६३ पर्यंत. १९६५च्या युद्धात जी निरीक्षण पथके जुन्या ऑस्टरवर किंवा नुकत्याच हाती आलेल्या ‘कृषक’वर उतरली, ती दोन-तीन वर्षे त्याच विमानावर रुळलेली असती. ६८ ऐवजी अधिक विमाने बांधली गेली असती, कारण ‘लामा’ चित्रात येण्याआधी उत्पादनाला चारऐवजी सात वर्षे मिळाली असती. सेवा दहाऐवजी बारा-तेरा वर्षांची झाली असती. त्यापेक्षा जास्त मात्र नव्हे. चुशूलचा प्रश्न त्यानेही सुटला नसता, कारण त्याला टर्बाइनच हवे होते.